जळका कटआउट

बाजारात तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जुन्या मोटारींचे विजेचे सुटे भाग ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डायनॅमो असो, हॉर्न असो, नाहीतर गंजून ओळख हरवलेलं एखादं बटण असो, ती डोळ्याला भिंग लावायची, थोडा वेळ हूं की चूं करायची नाही, आणि मग निकाल द्यायची. हा त्याच गाडीचा, कारखान्यातून आला तसा. किंवा, हा नकली, उचला आणि चालते व्हा. आणि चालते व्हा हे ती खरोखर म्हणायची. नकली माल विकणाऱ्याला ती दारातही उभं करत नसे, मग तो भले लग्नातला पाहुणा का असेना.

ती ओळखायची आणि नवरा बसवायचा, अशी घरातली वाटणी. खाली वर्कशॉप, मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, वरच्या मजल्यावर संसार. ओळखायची विद्या तिला सासऱ्यांनी दिली. पोटच्या मुलाला न देता सुनेला दिली, यावरून सासूबाई अजून अधूनमधून टोमणा मारत, पण तो टोमणा मुलाला असे. नवरा बिचारा हाताचा सरळ, तोंडाचा मुका. बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकून घेतलं होतं. लोक त्याची थट्टा करत, की हा गाडीखाली इतका वेळ पडून असतो तो कामामुळे की बायकोच्या धाकामुळे.

त्या सकाळी मात्र थट्टा करायला कोणी नव्हतं. तिच्या टेबलावर एका मळक्या रुमालात जळून काळा ठिक्कर पडलेला एक कटआउट ठेवला होता. मूठभर आकाराची डबी, वर पत्र्याचं झाकण. डायनॅमो वीज तयार करतो आणि त्यातली किती पुढे सोडायची, कधी आवरायची, ते हा कटआउट ठरवतो. तो चुकला तर तारा तापतात. आणि या गाडीत नुसत्या तापल्या नव्हत्या, पेटल्या होत्या.

टेबलाच्या पलीकडे दोघे बसले होते. एक तपासनीस, जुन्या गाड्यांच्या संघाचा माणूस, उंच, कोरड्या आवाजाचा. दुसरे गाडीचे मालक, धंद्याने दातांचे डॉक्टर, उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. त्यांची लहानशी जुनी गाडी याच वर्कशॉपमध्ये पुन्हा उभी राहिली होती. संघाने तिच्यावर अस्सलपणाचा शिक्काही मारला होता. एका संध्याकाळी डॉक्टर दिवे लावून घरी निघाले, तर समोरच्या फळीमागून धूर आला. डॉक्टरांनी काय केलं, तर पेटलेली तारच हाताने ओढली. गाडी वाचली, तळहात गेला. ज्या हाताने आयुष्यभर लोकांचे दात काढले, त्या हातात आता चमचा धरवत नव्हता. पुढे धरवेल की नाही हे त्यांच्या डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं.

आणि दाराशी, भिंतीला टेकून, नवरा उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

झालं होतं ते असं. आग लागली त्या संध्याकाळी निरोप मिळताच नवरा धावत गेला होता. रस्त्यातच त्याने पान्याने कटआउट सोडवला, झाकण उचकून आत पाहिलं, झाकण परत दाबून बसवलं, आणि डॉक्टरांना म्हणाला, चूक माझी आहे. बायकोने निवडून दिलेला अस्सल कटआउट हातातून पडला, फुटला. तिला काय तोंड दाखवू म्हणून घाबरलो, तुकडे भंगारात टाकले आणि बाजारातून नकली आणून बसवला. डॉक्टरांनी हे ऐकलं, आणि हा माणूस आता पुरावाही भंगारात टाकेल या रागाने कटआउट रुमालात बांधून स्वतःकडे ठेवला.

सगळ्यांना ते पटलं. बायकोला घाबरला, एवढं पुरेसं होतं. तिलाही पटलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला काय काय बोलली ते इथे सांगण्यात अर्थ नाही. चोर म्हणाली. भाजलेल्या माणसाचा हात तुमच्या गळ्यात बांधला पाहिजे म्हणाली. सासूबाईंनीही, बाप असता तर उंबरा ओलांडू दिला नसता, असं सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती. तिला राग होताच, पण रागाच्या खाली जे होतं ते जास्त खुपत होतं. आपली इतकी भीती वाटावी, की नवऱ्याने लोकांच्या जिवाशी खेळावं?

आज तपासनीस आला होता तो शेवटचं विचारायला. संघाचा नियम असा, की नुसत्या तोंडी कबुलीवर कुणाचं नाव यादीतून काढत नाहीत. वस्तू ओळखून घ्यावी लागते. नकली ठरली, की वर्कशॉपचं नाव जायचं, आणि मग एकही जुनी गाडी त्या दारात येणार नव्हती. नवऱ्याला दुसरं काही येत नव्हतं. जुनी गाडी सोडून त्याने हयातीत कशाला हात लावला नव्हता.

वस्तू ओळखणार कोण, तर तीच. तपासनीसाने कोरड्या आवाजात सांगितलं, की बायकोनेच नवऱ्याविरुद्ध निकाल द्यावा हे त्यालाही बरं वाटत नाही, पण दुसरं कोणी नाही. आणि ती कुणाला वाचवायला खोटं बोलणार नाही, अशी सगळ्यांचीच खात्री आहे.

"बघायची काय गरज आहे?" दारातून नवरा म्हणाला. "मी कबूल केलंय. लिहून घ्या आणि मोकळे व्हा."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घासलेटाचं फडकं घेतलं आणि झाकणावरची काजळी पुसायला लागली.  किती झालं तरी नवरा होता. तोंडाने चोर म्हटलं, तरी आता त्याच्या पोटावर पाय आपणच द्यायचा, हे सोपं नव्हतं. काजळी पुसताना ती मनात म्हणत होती, काहीतरी निघू दे. काय निघू दे ते तिलाही सांगता आलं नसतं.

काजळीतून एक आकडा वर आला. मग दुसरा. तिने भिंग लावलं.

नकली झाकणावरचे आकडे वरवर कोरलेले असतात. हे ठोकलेले होते, ठशाच्या एका घावात, कारखान्यातल्यासारखे. आकडा डॉक्टरांच्या लहान गाडीलाच लागू होता. खाली महिना आणि साल होतं, तेही गाडीच्याच वेळचं. तिने बोटाचं नख त्या खाचेतून फिरवलं. शंका घ्यायला जागाच नव्हती. हे झाकण तर तिने स्वतः निवडलं होतं, स्वतः कौतुकाने नवऱ्याला दाखवलं होतं.

"हे झाकण अस्सल आहे," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला.

तपासनीस पुढे सरकला. डॉक्टरांनी मान वर केली. तिला वाटलं, धावत जाऊन सासूबाईंना हाक मारावी. नवरा चोर नव्हता. मूर्ख होता, कशाला खोटं कबूल केलं देव जाणे, पण चोर नव्हता. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

"झाकण जुनंच लावलं मी," नवरा घाईघाईने म्हणाला. "फुटलं ते आतलं. झाकण धड होतं, म्हणून नकलीवर तेच चढवलं. झालं समाधान?"

तिचा चेहरा पडला. हेही होऊ शकत होतं. बाजारातले बिलंदर अगदी हेच करत, खरं झाकण आणि खोटं पोट. म्हणजे तिच्याच निवडलेल्या झाकणाआड त्याने पाप झाकलं होतं. तिने चिमट्याने झाकणाची कड धरली.

"अगं, मी सांगतोय ना. बघू नकोस."

हे तो ज्या सुरात म्हणाला, तो सूर तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. रागाचा नव्हता, भीतीचाही नव्हता. विनवणीचा होता. तपासनीसानेही वळून त्याच्याकडे बघितलं. पण तिला वाटलं, पकडला गेलाय, दुसरं काय. तिने चिमटा फिरवला आणि झाकण निघालं.

आतली तळपट्टी अर्धी वितळली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर जुन्या कारखान्याची खूण होती. रिबिटा पितळेच्या होत्या, डोकं चपटं. हल्लीचा कुणी इतका जीव लावून काही बनवत नाही. म्हणजे पोटही अस्सल. नकली काहीच नव्हतं. नवऱ्याने तिने दिलं तेच, जसंच्या तसं, गाडीत बसवलं होतं. पुन्हा एकदा तिच्या मनाने उसळी घेतली, आणि त्या उसळीतच तिची नजर वेटोळ्यावर गेली.

लहान गाडीच्या कटआउटमध्ये वेटोळ्याची तार बारीक असते आणि वेढे पुष्कळ. मोठ्या गाडीच्या कटआउटमध्ये तार जाड आणि वेढे मोजके, कारण तिथे डायनॅमो मोठा, वीज जास्त सोडायची असते. बाहेरून दोघं जुळे भाऊ. वेगळेपण फक्त झाकणावरच्या आकड्यात आणि आतल्या तारेत.

ही तार जाड होती.

 काजळीमुळे जाड दिसत असेल म्हणून तिने फडक्याने पुसलं. जाडच होती. मोठ्या गाडीचा कटआउट लहान गाडीत बसला होता. त्याने लहान डायनॅमोला जिवापलीकडे पिळून काढलं होतं, दिवे लागले तसा ताण आणखी वाढला होता, आणि बारीक तारा पेटल्या होत्या.

 तिला एका क्षणात सगळं आठवलं. एका बंद पडलेल्या दुकानातून दोन कटआउट एकदम हाती लागले होते, एक मोठ्या गाडीचा, एक लहान गाडीचा. दोन्ही झाकणं गंजलेली. तिने ती काढून गंज घालवायला एकत्रच पाठवली होती. चकचकीत होऊन परत आली, तेव्हा हा आकडा आणि ही तारीख बघून ती हरखून गेली होती. जी तारीख शोधायला लोक वर्षं घालवतात ती हातात होती. झाकण त्याचं त्याच्यावरच बसतंय ना, हे बघायला आतल्या तारेवर नुसती नजर टाकायची होती. शिकाऊ पोरही टाकतो. तिने टाकली नव्हती. आकडा बघितला, झाकण दाबून बसवलं, आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

आणि त्याने ते रस्त्यात, धुरात, झाकण उचकून बघितलं होतं. तारा जोडण्यात त्याची हयात गेली होती. त्याला जाड-बारीक कुणी सांगायला नको होतं. बघताक्षणी त्याला कळलं होतं, आणि बघताक्षणी त्याने ठरवलं होतं.

 वरच्या मजल्यावर सासूबाईंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती भिंग डोळ्याला लावून तशीच बसली, कारण भिंग काढलं असतं तर लोकांना तिचे डोळे दिसले असते.

तिला काय करायचं होतं हे तिला कळत होतं, आणि काय करता येईल हेही कळत होतं. नकली आहे, एवढं म्हटलं की संपलं. समोरच्या दोघांना तारेतलं काही कळत नव्हतं. नवऱ्याने सगळी तयारी करून ठेवली होती, तिने फक्त मान हलवायची होती. तिचं नाव राहील, तिचं टेबल राहील. त्याचं वर्कशॉप जाईल, पण त्याची त्याने मनाची तयारी केलीच आहे. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. चांगलाच झाला. सगळ्या आयुष्यात तिच्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं, तिचा शब्द, आणि खरं बोलली तर त्याची किंमत ती आज स्वतःच घालवणार होती.

"काय आहे?" तपासनीसाने विचारलं.

तिची नजर डॉक्टरांच्या पट्टीवर गेली. त्यांनी तो हात टेबलावर ठेवला होता, ओझं ठेवावं तसा.

तिने भिंग खाली ठेवलं. "नकली नाही," ती म्हणाली. "अस्सल आहे. पण या गाडीचा नाही. मोठ्या गाडीचा आहे. झाकणांची अदलाबदल झाली, आणि ती मी केली. यांनी मी दिलं ते बसवलं."

 तपासनीसाच्या कपाळावर आठी पडली. तो काही विचारणार एवढ्यात नवरा दार सोडून टेबलापाशी आला. मुक्या माणसाला तोंड फुटलं की ते आवरत नाही. तो म्हणाला, ती खोटं बोलतेय. मला वाचवायला अंगावर घेतेय. बायकोच आहे शेवटी, नवऱ्याचं वर्कशॉप जाताना कोणती बायको गप्प बसेल? तारेचं काही ऐकू नका, नकली मालातही हवी तेवढी जाड तार घालतात. हे सगळं तो एका दमात बोलला, आणि बोलताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

आणि पंचाईत अशी, की ते पटण्यासारखं होतं. तपासनीस एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. मघाशी ज्या बाईबद्दल ती खोटं बोलणार नाही अशी खात्री होती, तिच्यावर आता कसा विश्वास ठेवायचा, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ती उठली. कंबरेची किल्ली काढून तिने कोपऱ्यातलं कपाट उघडलं. नवऱ्याच्या लक्षात आलं तसा तो पुढे झाला. "राहू दे," तो हळूच म्हणाला. तिने त्याला बाजूला सारलं आणि वरच्या फळीवरून जोडीतला दुसरा कटआउट काढला. चकचकीत झाकण, त्यावर मोठ्या गाडीचा आकडा. तो तिने जळक्या कटआउटशेजारी ठेवला आणि तपासनीसाच्याच हातात चिमटा दिला.

"तुम्ही उघडा," ती म्हणाली. "आत बारीक तार असेल. आकड्याप्रमाणे ती तिथे नको."

तपासनीसाने झाकण काढलं. दोन्ही उघडे कटआउट शेजारी शेजारी होते, आणि आता ते कळायला भिंगाची गरज नव्हती. एकात दोऱ्यासारखी तार, दुसऱ्यात सुतळीसारखी.  मग तपासनीसाने झाकणांची जागा बदलून पाहिली. दोन्ही आकडे आपापल्या घरी गेले.

तो उभा राहिला. वर्कशॉपचं नाव राहील, एवढं त्याने सांगितलं. पुढचं सांगायला त्याला जड जात होतं, म्हणून तिनेच सांगितलं, की यापुढे तिची ओळख संघाने धरू नये. त्याने मान हलवली. इतकी वर्षं प्रत्येक अडल्या वस्तूला तो याच खोलीत आला होता. जाताना त्याने तिला नमस्कार केला, पण बसून चहा घ्या म्हटलं तर थांबला नाही.

डॉक्टर मात्र दारापर्यंत जाऊन परत आले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. माफी मागायला तिने हात जोडले.

"हात तुमच्यामुळे गेला," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला मी माफ केलं असं आज म्हणणार नाही. पण तुम्ही मान हलवली असती तर मला आयुष्यभर कळलं नसतं." मग ते नवऱ्याकडे वळले. याला मी किती शिव्या दिल्या, असं काहीसं पुटपुटले, आणि गेले.

खोलीत दोघंच उरली. नवऱ्याने उगाच फडकं उचललं, घडी घातली, परत टाकलं. ती खुर्चीत बसली. आता तिला राग आला. स्वतःचा आला, पण स्वतःवर काढता येत नाही, म्हणून त्याच्यावर आला. मी तुम्हाला चोर म्हणत होते, ती म्हणाली, आईंनी उंबऱ्यावरून ऐकवलं, बाजार हसला, आणि तुम्ही तोंडात मूग गिळून बसलात. तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

"मला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "एकदा विचारायचं होतं."

तो तिच्यासमोरच्या, डॉक्टरांच्या खुर्चीत बसला.

"विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तू हेच केलं असतंस."

खरं होतं.  ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. त्याने हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि तिने तो ठेवू दिला.